फोनवर फिरणारा खोटा, घातक मजकूर उतरवायचा कसा: पहिल्या तासापासून अपिलापर्यंत

मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्या एक बाई मुलीला घेऊन घरी आल्या. मुलीचा कॉलेजमधल्या साडी डेचा फोटो कुणीतरी उचलला होता, तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या शरीरावर चिकटवला होता आणि तिच्याच नावाने एका ॲपवर खातं उघडून तो टाकला होता. त्या माझ्याकडे येईपर्यंत घरच्यांच्या हातून दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. भावाने संतापाच्या भरात तो फोटो "हे खोटं आहे, कुणी विश्वास ठेवू नका" असं लिहून नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर टाकला होता. मुलीने घाबरून त्या खात्यावरून आलेले सगळे मेसेज आणि फोटो पुसून टाकले होते. म्हणजे फोटो जगभर होता आणि पुरावा मात्र घरात नव्हता.

अशा तक्रारी भरायला मी गेली काही वर्षं लोकांना मदत करते. मी वकील नाही, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कायद्यात मुदती आहेत, त्या कडक आहेत आणि प्लॅटफॉर्मला त्या पाळाव्या लागतात. पण त्या मुदतीचं घड्याळ तुमची तक्रार योग्य दारात, योग्य शब्दांत पोचली की मगच चालू होतं. पोस्टखाली शंभर जणांनी भांडून ते चालू होत नाही. म्हणून हा लेख.

आधी हे ठरवा: मजकूर नेमका कशात मोडतो?

"खोटं आहे, काढून टाका" एवढ्यावर कायदा हलत नाही. आपल्याकडे नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा नाही, आणि तसा तो नसावा असंच माझं मत आहे. त्याचं कारण पालघरमध्ये आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींनाही अटक झाली. त्या वेळी हाताशी होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. "त्रासदायक" किंवा "गैरसोयीचा" मजकूर पाठवणं हाच त्यात गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आजही कुणी तुम्हाला "६६अ लावा" असा सल्ला दिला तर तो ऐकू नका. ते कलम उरलेलं नाही.

मग उरतं काय? तक्रारीला बसण्याआधी मजकूर पुढच्यापैकी कशात बसतो ते बघा, कारण प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

पहिला प्रकार म्हणजे शरीर आणि ओळख यांच्यावरचा हल्ला: नग्न किंवा अर्धनग्न फोटो, मॉर्फ केलेला म्हणजे जोडतोड करून बदललेला फोटो, डीपफेक म्हणजे एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ, तुमच्या नावाचं बनावट खातं. इथे कायदा सर्वांत जास्त तुमच्या बाजूने आहे. दुसरा प्रकार लहान मुलांचा. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे एक चूक झाली तर तक्रारदारच अडकू शकतो. तिसरा प्रकार दंगल, मारहाण किंवा घबराट पेटवू शकणारी अफवा. चौथा प्रकार बदनामी: दुकानाबद्दल, डॉक्टरबद्दल, शेजाऱ्याबद्दल खोटानाटा आरोप. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा असली तरी ती अदखलपात्र आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवणार नाहीत, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद घेतील आणि तुम्हाला दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करावी लागेल. हे आधीच माहीत असलं की ठाण्यात तीन हेलपाटे वाचतात.

राजकीय टीका, कडवट विनोद, न पटणारं मत, एखाद्याचा चुकलेला अंदाज हे यातल्या कशातच बसत नसेल तर तक्रार करू नका. उत्तर लिहा.

पुरावा: डिलीट करण्याआधीची वीस मिनिटं

नुसता स्क्रीनशॉट फार कमी कामाचा असतो. लोक फोटोचा भाग तेवढा कापून ठेवतात. त्यात खात्याचं नाव नाही, तारीख नाही, लिंक नाही. असा तुकडा कुणीही बनवू शकतो, हे समोरचा वकील पहिल्याच दिवशी सांगेल.

पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा, "कॉपी लिंक" निवडा आणि ती लिंक स्वतःलाच ईमेल करा. ईमेलला आपोआप तारीख-वेळ पडते. मग खात्याच्या पानावर जा आणि त्याचीही लिंक घ्या. खात्यावर दोन नावं असतात. एक ठळक दिसणारं, ते रोज बदलता येतं. दुसरं @ चिन्हापुढचं युजरनेम. ते अक्षर न् अक्षर लिहून घ्या, कारण बनावट खात्यात एखादी अंडरस्कोअर किंवा "ओ"च्या जागी शून्य असं काहीतरी घातलेलं असतं. आता न कापलेला स्क्रीनशॉट काढा. वर घड्याळ दिसू द्या, खाली कमेंट दिसू द्या. व्हिडिओ असेल तर फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून खातं उघडण्यापासून व्हिडिओ संपेपर्यंत सलग चित्रण करा.

व्हॉट्सॲपवर लिंक नसते. तिथे मूळ मेसेज पुसू नका, पाठवणाऱ्याला लगेच ब्लॉक करू नका. नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ लिहून घ्या, "एक्सपोर्ट चॅट"ने संवाद बाहेर काढून ठेवा. ज्या फोनवर तो मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

एक साधी वही घ्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे तक्रार केली आणि कोणता क्रमांक मिळाला एवढंच त्यात लिहायचं. त्या मुलीची वही माझ्याच टेबलावर सुरू झाली. तिने फोटो पुसले होते, पण जिने तिला पहिल्यांदा कळवलं होतं त्या मैत्रिणीच्या फोनवर लिंक शाबूत होती. म्हणून घरात नसेल तर मित्रमंडळींच्या फोनवर शोधा. फोटो नको, लिंक मागा.

मजकुरात अठरा वर्षांखालचं मूल लैंगिक स्वरूपात दिसत असेल तर यातलं काहीही करू नका. स्क्रीनशॉट नाही, सेव्ह नाही, "पुरावा म्हणून" कुणाला पाठवणं तर मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली असा मजकूर जमा करणं, डाउनलोड करणं हाही गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यातल्या असा मजकूर जवळ बाळगण्याच्या तरतुदीचा अर्थही कडकपणे लावला आहे. फक्त लिंक आणि युजरनेम कागदावर लिहा आणि लगेच १०९८ या चाइल्डलाइनला किंवा पोलिसांना कळवा.

पहिलं दार: प्लॅटफॉर्मचा तक्रार निवारण अधिकारी

पोस्टखालचं "रिपोर्ट" बटण सगळ्यांना माहीत आहे. ते दाबाच. पण ते कंपनीच्या स्वतःच्या नियमांचं बटण आहे, भारतीय कायद्याचं नाही. कायद्याचं दार वेगळं आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असतील तर हा अधिकारी भारतात राहणाराच लागतो, आणि त्याच्या जोडीला पोलिसांशी चोवीस तास संपर्कात राहणारा नोडल अधिकारीही. ॲपच्या "मदत" किंवा "कायदेशीर" विभागात "ग्रीव्हन्स ऑफिसर इंडिया" असं शोधा. फॉर्म किंवा ईमेल सापडतो.

कंपन्यांनी हे का ऐकायचं? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल प्लॅटफॉर्मला जबाबदार धरता येत नाही, हे संरक्षण त्या कलमात आहे, आणि नियम पाळले नाहीत तर ते संरक्षण जातं. कंपनीला भीती आहे ती याची. म्हणून तक्रारीत नियमाचा आकडा लिहायचा.

मुदती अशा. २०२१ च्या नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत होता. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने मजकूर काढण्याच्या बऱ्याचशा तक्रारींसाठी ७२ तास ठरले. नग्नता, मॉर्फिंग आणि तोतयेगिरी यांच्यासाठी नियम ३(२)(ब) खाली सुरुवातीपासून २४ तासच होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने हे सगळं आणखी आखडलं: १५ दिवसांचे ७ दिवस, ७२ तासांचे ३६ तास, आणि ३(२)(ब) साठी २४ तासांच्या जागी २ तास. नियम वरचेवर बदलत आहेत, त्यामुळे तक्रार भरण्याच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

नियम ३(२)(ब) ची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ही तक्रार बाधित व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. मुलगी बोलण्याच्या स्थितीत नसेल तर आई करू शकते, शिक्षिका करू शकते.

मी तक्रार साधारण अशी लिहून देते:

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय: माहिती तंत्रज्ञान नियम २०२१, नियम ३(२)(ब) प्रमाणे तातडीची तक्रार. सोबत दिलेल्या खात्याने माझ्या मुलीच्या नावाने बनावट खातं उघडून तिचा चेहरा दुसऱ्या शरीरावर लावलेला फोटो प्रसारित केला आहे. तिने अशी कोणतीही संमती दिलेली नाही. खात्याची लिंक अशी. पोस्टच्या लिंक अशा, एकूण चार. हा मजकूर नियमात दिलेल्या मुदतीत काढावा किंवा तो इतरांना दिसणं बंद करावं, आणि नियम ३(१)(ग) प्रमाणे खात्याची व मजकुराची माहिती तपासासाठी १८० दिवस जपून ठेवावी. पोच क्रमांक कळवावा."

शेवटच्या दोन मागण्या विसरू नका. मजकूर उतरला की लोक सुटकेचा श्वास घेतात आणि दोन महिन्यांनी पोलिसांकडे जातात. काढलेला मजकूर आणि त्यामागची माहिती कंपनीने १८० दिवस राखायची असते, म्हणून पोलिसांची मागणी त्याच्या आत गेली पाहिजे. वहीत तो दिवस लाल शाईने लिहा. मराठीत तक्रार केलीत तर खाली चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडा. तक्रार चुकीच्या माणसाकडे फिरत बसण्यापेक्षा ते बरं. प्रत्येक पोस्टची लिंक स्वतंत्र द्या. "हे सगळं खातं" असं लिहिलं की एक पोस्ट काढतात आणि तक्रार बंद होते. आमच्याबाबतीत पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. चार लिंकपैकी एकच उतरली आणि उत्तर आलं, कारवाई केली आहे. उरलेल्या तीन लिंकसाठी तोच क्रमांक देऊन पुन्हा लिहावं लागलं.

खासगी फोटो आणखी कुठे कुठे पसरेल ही धास्ती असेल तर स्टॉप एनसीआयआय ही सेवा वापरा. तुमचा फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्यापासून बनलेला फक्त एक डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि तोच फोटो तिथे पुन्हा चढवायचा प्रयत्न झाला की तो ओळखता येतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी टेक इट डाउन नावाची अशीच सेवा आहे.

दुसरं दार: तक्रार अपील समिती

अधिकाऱ्याने नकार दिला, गोलमोल उत्तर दिलं किंवा मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर वकिलाकडे धावण्याआधी तक्रार अपील समितीकडे जा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या. सगळं काम ऑनलाइन चालतं, पत्ता जीएसी डॉट गव्ह डॉट इन. निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. समितीनेही ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं नियमात आहे आणि तिचा आदेश प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे.

इथे वहीचा उपयोग होतो. तक्रारीची तारीख, पोच क्रमांक, कंपनीचं उत्तर आणि तुमचं म्हणणं कोणत्या नियमात बसतं हे एका पानात मांडा. आधी कंपनीकडे न जाता थेट इथे आलात तर अपील टिकत नाही.

या समित्या सरकारनेच नेमलेल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल आक्षेप आहेत आणि ते मला पटतात. पण साध्या माणसाला कोर्टाच्या खर्चाशिवाय मोठ्या कंपनीला उत्तर द्यायला लावणारी दुसरी जागा आज नाही. म्हणून वापरा.

तिसरं दार: पोलीस

मजकूर उतरवणं आणि तो टाकणाऱ्याला शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम पोलिसांचं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर, महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही कळवता येतं. मात्र तशा तक्रारीचा पुढे पाठपुरावा करता येत नाही, त्यामुळे गुन्हा दाखल व्हायला हवा असेल तर नाव द्या. पैसे उकळले गेले असतील तर पोर्टलच्या आधी १९३० वर फोन करा. पैसे थोपवायचे असतील तर तिथे मिनिटं मोजली जातात.

ठाण्यात जाताना कलमं लिहूनच जा, अंमलदारालाही बरं पडतं. बनावट खात्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क आणि ६६ड. खासगी अवयवांच्या चित्रणासाठी ६६ई. अश्लील मजकुरासाठी ६७, लैंगिक कृती दाखवणाऱ्यासाठी ६७अ. धमकी असेल तर न्याय संहितेचं ३५१, पाठलाग असेल तर ७८. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. त्यामुळे "साहेब आल्यावर या" असं ऐकायला मिळालं तर ते खरंही असू शकतं. पण तक्रार नोंदवून घ्यायला साहेबांची गरज नसते.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर मात्र मान्य करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ईमेलनेही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते, त्याची तयारी ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवून घेतलंच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर दंडाधिकारी. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

गोव्यातल्या वाचकांना हेच कायदे लागू आहेत, फक्त ठाणं गोवा पोलिसांचं. परदेशात असाल तर तिथल्या कायद्याचाही आधार घ्या. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे, ब्रिटनचा ऑनलाइन सुरक्षा कायदा २०२३ चा आहे आणि अमेरिकेत २०२५ च्या कायद्याने संमतीविना पसरवलेल्या खासगी फोटोंसाठी ४८ तासांची मुदत घातली आहे.

अफवा: इथे घड्याळ तासांचं नसतं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या भागात आधीच पसरले होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या जनजागृतीचा होता. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात, मग परत येऊन त्याला सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला होता. फलक आणि सोडलेलं मूल गेलं, फक्त उचलणं उरलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. तुमच्या जिल्ह्यात तो कोण, हे शांततेच्या दिवसांत विचारून ठेवा.

प्रत्यक्ष अफवा आली तर सगळ्यात आधी ११२ किंवा गावच्या ठाण्याला फोन. तक्रारीचा फॉर्म नंतर. फोनवर एवढंच सांगायचं: कोणत्या गावाचं नाव आहे, कुणावर रोख आहे, आत्ता तिथे लोक जमले आहेत का. मग मेसेजवर दोन बाण आहेत का बघा. दोन बाण म्हणजे तो खूप हातांतून फिरून आला आहे, पाठवणाऱ्याने काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. व्हिडिओ असेल तर जिथे दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट दिसते तिथे थांबवा, त्या चौकटीचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर शोधा. बऱ्याचदा तोच व्हिडिओ जुना, दुसऱ्या राज्यातला निघतो.

खुलासा टाकताना मूळ व्हिडिओ कधीच जोडू नका, "खोटं" असा लाल शिक्का मारूनही नाही. लोक शिक्का विसरतात, चित्र लक्षात ठेवतात. स्वतःचे शब्द लिहा: "आपल्या गावात टोळी आल्याचा मेसेज खोटा आहे. दुपारी सव्वादोनला पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं. कुणी अनोळखी दिसल्यास ११२ ला कळवा, हात लावू नका." वेळ लिहिली की भरवसा बसतो. अफवा पसरवणं न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होऊ शकतो. पण ते खरं मानायला रास्त कारण होतं आणि हेतू चांगला होता, अशाला त्यात अपवाद आहे.

ग्रुप ॲडमिन फार घाबरलेले असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. तरी आता ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. आधी स्क्रीनशॉट आणि नंबर, मग पुसणं, आणि तणावाचे दोन दिवस "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" ही सोय चालू.

एआयने केलेले आवाज आणि चेहरे

बनावट आवाज-चेहऱ्यासाठी वरचीच दारं आहेत, नियम ३(२)(ब) सगळ्यात जलद. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने एआयने बनवलेल्या चित्र-ध्वनीवर तशी खूण असणं बंधनकारक केलं, तेव्हा खूण नसणं हाही तक्रारीतला मुद्दा होतो. धंद्यासाठी तुमचा आवाज वापरला जात असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई मिळते. आशा भोसले यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा अंतरिम दिलासा दिला. निवडणुकीच्या काळात उमेदवाराचा डीपफेक दिसला तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे कळवा.

सरकारचा हात, आणि तुमचीच पोस्ट काढली गेली तर

इथवर सगळं घातक मजकूर उतरवण्याबद्दल झालं. पण उतरवण्याची हीच ताकद तुमच्यावरही चालू शकते, म्हणून ती कुठून येते ते जाणून घ्या.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर बंद करू शकतं, पण कारणं ठरलेली आहेत: सार्वभौमत्व, संरक्षण, देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित गुन्ह्याला चिथावणी. खोटेपणा किंवा टीका त्या यादीत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे ही कार्यवाही गोपनीय ठेवली जाते, आणि नागरिकाची सर्वांत मोठी अडचण तीच आहे. कारण कळलं नाही तर उत्तर कशाला द्यायचं? दुसरा रस्ता कलम ७९(३)(ब) चा. सरकारी अधिकारी प्लॅटफॉर्मला कळवतो आणि कंपनी संरक्षण जाईल या भीतीने काढून टाकते. अशी सूचना कोण देऊ शकतो यावर ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीने मर्यादा आली: सहसचिव किंवा त्या दर्जाचा अधिकारी, पोलिसांत किमान उपमहानिरीक्षक. पालन करायला कंपनीला आधी ३६ तास होते, २०२६ च्या दुरुस्तीनंतर ३ तास. तीन तासांत कुठलीही कंपनी नीट वाचून ठरवणार नाही, आधी काढेल. हे मला काळजीचं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींसाठी जलद घड्याळ हवंच, पण तेच घड्याळ एखाद्या गावच्या पाणीटंचाईवर लिहिणाऱ्या पोरावर चालायला नको.

सरकारने स्वतःबद्दलचं खरं-खोटं स्वतःच ठरवावं का, हा प्रश्न मुंबईतच कोर्टापुढे आला. एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा "खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा" मजकूर ओळखायला सरकारी तथ्य तपासणी कक्षाची तरतूद झाली. विनोदवीर कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांचे निकाल एकमेकांविरुद्ध गेले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कक्षाच्या अधिसूचनेला स्थगिती दिली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं (पीआयबी) फॅक्ट चेक आजही खुलासे देतं, ते जरूर वाचा. पण त्याने "खोटं" म्हटलं एवढ्यावरून तुमची पोस्ट काढायची सक्ती या नियमाखाली करता येत नाही.

तुमची पोस्ट गेली तर कंपनीने आलेला मेल पुसू नका. ती कंपनीच्या नियमाखाली गेली की कायदेशीर मागणीमुळे, ते त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. मोठ्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून काढली असेल तर नियम ४(८) प्रमाणे तुम्हाला कारण कळवणं आणि दाद मागायची संधी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्या नियमाचा आकडा टाकून तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग ३० दिवसांत अपील समिती. कायदेशीर मागणीमुळे गेली असेल तर आदेशाची प्रत लेखी मागा, कंपनीकडेही आणि मंत्रालयाकडेही. नकार आला तरी तो जपून ठेवा. हायकोर्टात करायच्या रिट याचिकेत तोच पहिला कागद लागतो. याचिका मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याच्या खंडपीठात करता येते. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या माणसाला त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.